मान नसलेलं मस्तक

फार दिवसांपूर्वी, पुतळे बोलत आणि झाडं ऐकत, तेव्हा एका संग्रहालयाच्या बागेत ब्राँझचं एक हत्तीएवढं मस्तक हनुवटी गवतात टेकवून बसलेलं होतं. त्याच्या कानात एका साळुंकीनं घरटं केलं होतं आणि त्यात तिची तीन पिल्लं होती.

एके दिवशी माळ्यांनी बागेत एक जुनी तोफ आणून ठेवली. आल्याआल्याच ती दरडावू लागली, "रोज सकाळी सगळ्यांनी मला मान द्यायचा! नाही दिला, तर उडवून देईन!" जास्वंद वाकली, शेवंती वाकली, ताडमाड अशोकानंही शेंडा खाली केला. मस्तक तेवढं जागचं हललं नाही.

साळुंकी घरट्यातून बाहेर येऊन मस्तकाला विनवू लागली, "आजोबा, माझी पिल्लं आहेत हो तुमच्या कानात! थोडी मान तुकवा ना!"

"अगं, ओताऱ्यानं मला हनुवटीपर्यंतच ओतलंय," मस्तक म्हणालं. "तुकवायला मानच नाही मला. आणि असती, तरी हिच्यापुढे तुकवली नसती." मग ते तोफेवर गरजलं, "दे की बत्ती!"

सारी बाग जीव मुठीत धरून थांबली. तोफ नुसतीच धुसफुसत राहिली. शेवटी साळुंकी धीर करून तिच्या तोंडाशी गेली आणि आत डोकावली. आत दारूगोळा नव्हताच. शेंगांची टरफलं होती, फाटकी तिकिटं होती आणि वाळलेलं गवत होतं.

साळुंकीनं त्यातलं चोचभर मऊ गवत उचललं आणि तोफेच्या देखत आजोबांच्या कानात नेऊन अंथरलं.