साहेबांचा अंतरपाट

पती टॉमसपाशी परदेशी राहण्याचा परवाना मिळावा, म्हणून सावंतवाडीची मैत्रेयी सात महिने देवाला साकडे घालत होती. अखेर वकिलातीतून बोलावणे आले. तिथल्या परदेशी साहेबांनी लग्नाचे छायाचित्र बोटाने दूर सारले.

"बाई, लग्नातच दोघांमध्ये पडदा! याला विवाह म्हणायचे?"

मनोमन देवाचे स्मरण करून मैत्रेयी म्हणाली, "साहेब, तो अंतरपाट. भटजी तो धरतात, ते मुहूर्त येताच दूर करण्यासाठीच. आमचा तो तेव्हाच दूर झाला. आता दुसरा आपण धरला आहे. सात महिने झाले, साहेब. इतका वेळ तर कोणी भटजीही धरत नाहीत!"

साहेब खळखळून हसले. त्यांनी शिक्का उमटवला.

"घ्या. माझेही हात दुखू लागले होते."

मैत्रेयीने परवाना कपाळी लावला.