वेशीवर अडलेला कोतवाल

डोंगराच्या पायथ्याशी उजळपूर नावाचं राज्य होतं आणि तिथे दौलतराव नावाचे कोतवाल होते. शिपायांना त्यांनी एकच विद्या शिकवली होती: तोंड पाहा आणि चोर ओळखा. डोंगरातले काळेसावळे, बसक्या नाकाचे लोक वेशीवर आले की शिपाई त्यांची गाठोडी सोडायचे. बाकीच्यांना सलाम ठोकायचे.

एकदा राजाच्या कानावर आलं, की नदीपलीकडच्या राज्यात शिपाई माणसाचा रंग पाहून त्याला अडवतात. राजाला फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

"कोतवाल, जाऊन बघून या," राजा म्हणाला. "आपण त्यांच्यापेक्षा किती चांगले, ते दरबारात सांगा."

कोतवाल घोड्यावरून निघाले. तीन दिवसांच्या उन्हाने चांगलेच रापले. पलीकडच्या वेशीवर शिपायाने त्यांना वरखाली न्याहाळलं आणि खाली उतरवलं.

"घोडा कुणाचा चोरला?"

"अरे, मी कोतवाल आहे."

"तोंडाकडे बघून वाटत नाही," म्हणत शिपायाने त्यांचं गाठोडं रस्त्यावर उपडं केलं. कोतवालांची धोतरं, बायकोने दिलेले लाडू, मिशांना लावायचं तेल, सगळं बाजाराने पाहिलं. दुपारभर ते एका दगडावर बसून राहिले. उन्हापेक्षा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा जास्त भाजत होत्या.

संध्याकाळी त्या गावच्या पंच आल्या, एक म्हाताऱ्या बाई. त्यांनी शिपायाला चारचौघांत विचारलं, "यांना का अडवलंस?"

शिपाई चाचरला. "रंगावरून..."

"मग माफी माग. आणि महिनाभर वेशीवर दिसू नकोस."

शिपायाने खाली मान घालून माफी मागितली आणि लाडू वेचून दिले.

परतताना कोतवालांनी मनात अहवाल रचला. अपमान तेवढा सांगायचा, पंचबाईंचा भाग गाळायचा. राजा खूश, आपल्याला शाल. पण आपल्या वेशीवर पोचतात तर त्यांचाच शिपाई डोंगरातल्या एका मधवालीची मडकी उलटी करत होता. मध धुळीत ओघळत होता.

"माझं चुकलं काय?" ती विचारत होती.

"तोंडाकडे बघूनच कळतं," शिपाई म्हणाला. कोतवालांना पाहून त्याने कडक सलाम ठोकला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. कोतवालांनी सलाम घेतला नाही.

दरबारात राजाने विचारलं, "मग? कोण चांगलं?"

शाल तबकात तयारच होती. कोतवालांनी तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

"महाराज, माणसाला अडवण्यात दोघंही सारखेच. पण तिथे शिपायाला जाब विचारणारं कुणीतरी आहे. आपल्याकडे कुणी नाही."

राजाने हळूच शाल झाकायला लावली. "आणि आपल्याकडे जाब विचारायचा कुणाला?"

"आधी मला."

दुसऱ्या दिवशी चावडीवर जाब विचारायला मधवाली बसली आणि कोतवाल तिच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, माझ्या तोंडात तुमच्या माणसांना काय दिसलं?"

"काहीच नाही, बाई. नीट बघायला मी शिकवलंच नाही. माफ करा."

"माफी राहू द्या. उद्या वेशीवर कोण उभं राहणार?"

"मी."

राजाने मधवालीलाच पंच नेमलं. कोतवाल वेशीवर उभे राहू लागले. येईल त्याला तेच प्रश्न, तीच तपासणी. चौथ्या दिवशी राजाचे मेहुणे पालखीतून उतरून तणतणत चावडीवर आले.

"मला थांबवलं! मला!"

"तुमच्या पुढे कोण होतं?" मधवालीने विचारलं.

"एक मेंढपाळ. त्यालाही थांबवलं."

"आणि मागे?"

मेहुण्यांचा आवाज खाली आला. "मागे महाराज होते. ते अजून रांगेतच आहेत."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या राज्याला नावं ठेवण्याआधी, आपल्या शिपायाला जाब कोण विचारतो ते पाहावं.