रेशमाची वीण

“...म्हणजे रेशीमही नको म्हणता, बाबा?”

मुरादबाबा मांडीवर घोड्याच्या शेपटीचे केस घेऊन गळाची दोरी विणत होते. काय ती बोटं! दोरी वर जाडसर, खाली येता येता बारीक, टोकाला जेमतेम तीन केस. अशी, की आमिष म्हणून बांधलेली पिसाची खोटी माशी पाण्यावर अलगद नेऊन ठेवेल.

विचारणारा येसाजी. बाबांचा सगळ्यांत हुशार चेला. त्याच्या मते तर होताच, आणि खरं सांगायचं तर आम्हा बाकीच्या चेल्यांच्याही मते.

बाबांच्या काठीला दोरी सोडणारं चाक नसे. दोरी काठीच्या शेंड्याला बांधलेली, तेवढीच. आता बाबा थकले होते. त्यांची बांबूची काठी कुणाला मिळणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. येसाजीचा तर जीव अडकला होता तिच्यात.

“केस तुटतो,” तो म्हणाला. “माझी रेशमाची वीण तुटायची नाही.”

बाबांनी ती हातात घेतली, उन्हात धरून पाहिली, तोंडभरून वाखाणली. मग स्वतःच्या काठीला बांधली आणि काठी येसाजीच्या हातात दिली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुपारी डोहात खडस लागला. केवढा मोठा मासा!

काठी पार वाकली. मासा हटेना, येसाजी सोडेना, दोरी तुटेना. शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय निसटला. तो छातीभर पाण्यात गेला, मग गळ्यापर्यंत. मूठ काही सुटली नाही. काठी करकरू लागली.

बाबा कपड्यांनिशी पाण्यात शिरले आणि सुरीनं दोरी कापली.

मासा गेला. काठी वाचली, येसाजीही वाचला. काठावर बसून तो लहान पोरासारखा रडला.

“तुटली नसती ती, बाबा.”

“नसतीच तुटली. फार सुरेख विणलीस.”

“...मग कापलीत का?”

बाबा कुडकुडत होते. त्यांनी काठी त्याच्याच मांडीवर ठेवली. वर केसांची जुडी ठेवली.

“काठी तुझी. पण येसाजी, ओढणारे दोघंही हट्टी असले, की मधल्या दोरीनं शहाणं असावं लागतं, वेळेला तुटावं लागतं.”