न्यायाधीशाच्या खुर्चीवरचा लाल कागद

एका बेटावर एक म्हातारी कोळीण राहायची. जिभेने फटकळ, मनाने निर्मळ. बेटावरची सगळी माणसं चिनी बोलायची. राज्य मात्र साता समुद्रापलीकडून आलेल्या साहेबांचं, त्यामुळे कायदा बोलायचा फक्त इंग्रजी!

तिथे एक रीत होती. नव्या वर्षाला शुभ शब्द लिहिलेला लाल कागद दारावर चिकटवायचा; तो घर राखतो, अशी श्रद्धा. एकदा साहेबांनी धक्क्यावर लाल पाटी ठोकली. म्हातारीला वाटलं, अगं बाई, साहेबांनीही आशीर्वाद लावला! तिने पाटीपुढे उदबत्ती लावली आणि होडी मुद्दाम तिच्याच खाली बांधली.

पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'येथे बांधलेली होडी जप्त होईल.' झालं! शिपायांनी होडी ओढून नेली. होडी गेली म्हणजे म्हातारीची चूलच विझली. ती पोटभर रडली, मग डोळे पुसून तरातरा कचेरीत गेली.

"पाटी वाचली नाहीस?" न्यायाधीशाने विचारलं. दुभाष्याने ते चिनीत सांगितलं.

"नाही साहेब. पण तिच्यापुढे उदबत्ती लावली की!"

"वाचता येत नव्हतं, ही सबब कायद्याला चालत नाही. उद्या निकाल."

दुसऱ्या दिवशी म्हातारी सगळ्यांच्या आधी हजर. तिने न्यायाधीशाच्या खुर्चीच्या पाठीला एक लाल कागद चिकटवला. न्यायाधीश डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवून आला आणि कागद पाहून खूश झाला. "वा, आशीर्वाद!" म्हणत ऐटीत बसला. लोक तोंड दाबून हसायला लागले.

"काय रे लिहिलंय?" त्याने दुभाष्याला विचारलं.

दुभाष्या चाचरला. "साहेब... 'या खुर्चीत बसणाऱ्याचा केसांचा टोप जप्त होईल.'"

"पण मला हे वाचता कुठे येतं?" न्यायाधीश ओरडला, आणि त्याने जीभ चावली. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. माणूस सरळ होता. त्याने टोप काढून म्हातारीपुढे धरला. "आजी, चूक आमची. होडी न्या, हाही न्या."

"होडी नेते. टोप राहू द्या, टक्कल दिसतंय!"

न्यायाधीशाने म्हातारीला सोबत नेऊन बेटाच्या कारभाऱ्याला सगळं सांगितलं. कारभारी म्हणाला, "बरं, इंग्रजीखाली बारीक अक्षरात चिनी छापू."

"खाली का म्हणून? शेजारी बसवा!" म्हातारी कडाडली. "आणि दोन्ही भाषांचा शब्द सारखाच चालायला हवा."

न्यायाधीशानेही तोच आग्रह धरला. अखेर कायद्यात इंग्रजी आणि चिनी या दोन्ही भाषांना सारखा मान मिळाला. बेटावर ढोल वाजले, फटाके उडाले, म्हातारी भर रस्त्यात नाचली!

सकाळी न्यायाधीश पाहतो तर कचेरीपुढे ही लांबच लांब रांग. सगळ्यात पुढे म्हातारी.

"आजी, आता काय झालं?"

"आम्ही रात्रभर कायदा वाचला, साहेब. चौथं कलम चुकलंय."

न्यायाधीश खो खो हसला. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा. सांगा, कुठे चुकलं?"

तात्पर्य: कायदा ज्याने पाळायचा, त्याच्या भाषेलाही कायद्यात बरोबरीची जागा हवी, मगच तो त्याला आपला वाटतो आणि सुधारावासाही वाटतो.