हिरव्या पट्टीवरचं नाव

“...पण बाई, तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या तक्त्यात एक तरी गोष्ट सुटलेली दिसते का?”

हळबेबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. आणि तक्त्यावर वाकल्या.

कागद चांगलाच लांब होता. टेबल पुरलं नाही, म्हणून त्याचं खाली लोंबणारं टोक प्रद्योत नाडगौडा हाताने धरून उभा होता. कागदावर आडव्या पट्ट्याच पट्ट्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक काम. ते कधी सुरू झालं, कधी संपलं, कुणाच्या नावावर होतं. वेळेत झालेलं काम हिरवं, लांबलेलं लाल.

जवळजवळ सगळा कागद हिरवागार होता.

मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयाची रक्तपेढी प्रद्योतने संगणकावर आणली होती. कुठल्या गटाची पिशवी कुठल्या कपाटात आहे, ती कुणी दिली, कुणाला लागली, हे आता क्षणात कळत होतं. पूर्वी त्यासाठी नातेवाईक जिन्यावरून वर-खाली धावायचे. गेल्याच आठवड्यात एका बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळालं आणि तिच्या सासऱ्यांनी प्रद्योतचे हात हातात घेतले होते. म्हातारा नुसता रडला.

तेव्हाच प्रद्योतने ठरवलं होतं, बाईंना भेटायचं.

कारण हे सगळं त्याला बाईंनी शिकवलं होतं. मोठ्या कामापुढे घाबरून न बसता त्याचे तुकडे कसे करायचे. कुठली माहिती कुठून निघते आणि कुठं पोचते, ते चित्र काढून कसं बघायचं. कुठल्या कामाला कुठल्या कामासाठी थांबावं लागतं. कॉलेजात बाई हे खडूने फळ्यावर काढायच्या आणि पहिल्या बाकावरचा प्रद्योत सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा. तो बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याने पेढे आणले होते. शाल आणली होती.

“सगळं तुमच्यामुळे झालं, बाई.”

“शाल कशाला रे? मिरजेत थंडी पडते का कधी?”

पण त्यांनी ती खांद्यावर घेतली. भर दुपारी. आणि तशाच बसून राहिल्या, तेव्हा प्रद्योतला भरून आलं.

शेजारी तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान होतं. कुणीतरी एकच तार पुन्हापुन्हा छेडून पिळत होतं.

“हे लाल कुणाचं?” बाईंनी विचारलं.

“तौफिकचं. तौफिक शिकलगार. तुमचाच विद्यार्थी, माझ्यानंतरचा.”

“शेवटच्या बाकावर बसायचा तो.”

“तोच.” प्रद्योत हसला. “अजून तिथंच आहे.”

बाई हसल्या नाहीत.

प्रद्योतने पिशवीतून आणखी एक कागद काढला. रुग्णालयाने आता आसपासच्या गावांतले लहान दवाखानेही या कामात जोडायचं ठरवलं होतं. नव्या टप्प्यासाठी माणसं प्रद्योतने निवडायची आणि सल्लागार म्हणून बाईंनी त्यावर सही करायची, असं ठरलं होतं. संध्याकाळच्या आत यादी द्यायची होती.

बाईंनी यादी वाचली.

“तौफिक नाही यात.”

“नाही.”

“का?”

“बाई, तुम्हीच बघा ना. तक्ता समोर आहे. संगणकावर अहवाल दाखवणारे पडदे करायचं काम त्याच्याकडं होतं, ते भलतंच लांबलं. सगळ्यांसमोर बोललो मी त्याला बैठकीत. मान खाली घालून उभा राहिला. कारण विचारलं तर म्हणतो, ‘राहिलं, सर.’ राहिलं! अशा माणसाला घेऊन मी गावोगाव कसा फिरू?”

“त्याची नोकरी?”

“नवा टप्पा नाही म्हणजे... संपेल. मलाही वाईट वाटतं, बाई. पण तुम्हीच शिकवलंत ना, कागद खोटं बोलत नाही.”

“असं मी शिकवलं?”

“म्हणजे... तसंच काहीतरी.”

बाईंनी पेन उचललं. टोपण काढलं. सही करायच्या जागी हात टेकवला.

आणि थांबल्या.

“मुलगी कशी आहे रे तुझी?”

प्रद्योतचा चेहरा एकदम उजळला. “रांगते आता! एका जागी ठरत नाही. सगळी भांडी खाली ओढते.”

“दिवस भरायच्या आधीच झाली होती ना?”

“हो.” त्याचा आवाज उतरला. “कोल्हापूरला होतो आम्ही. काचेच्या पेटीत होती. एवढीशी. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही. मी आणि गार्गी, दोघं नुसते त्या काचेला... फोनसुद्धा बंद करून ठेवला होता मी. जगात काय चाललंय याची शुद्ध नव्हती.”

“कधी रे हे?”

“हे...”

सवयीने त्याचं बोट तक्त्यावर गेलं. वरच्या तारखांवरून सरकत खाली आलं आणि टेकलं.

“ह्या आठवड्यात.”

बाई त्याच्या बोटाकडे बघत राहिल्या.

प्रद्योतनेही खाली बघितलं.

बोटाखाली हिरवी पट्टी होती. जुन्या रक्तदात्यांच्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे. सगळ्यात किचकट काम. एक रक्तगट इकडचा तिकडे झाला असता तर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. सुरू त्याच आठवड्यात, संपलं त्याच आठवड्यात. दिवससुद्धा चुकला नव्हता.

पट्टीवर नाव होतं, प्रद्योत नाडगौडा.

शेजारची तार थांबली होती.

“हे काम...” बाई हळूच म्हणाल्या.

प्रद्योतला आठवलं. विसरला होता असंही नव्हतं. फक्त इतके दिवस तिकडे बघितलं नव्हतं. कोल्हापूरहून तो परत आला तेव्हा तौफिक दारातच भेटला होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. “बाळ कसं आहे, सर?” एवढंच त्याने विचारलं होतं. मग म्हणाला होता, “नोंदी झाल्यात. दोनदा ताडून बघितल्यात. तुम्ही एकदा नजर टाका.” प्रद्योतने नजर टाकली होती. सगळं चोख होतं. देवाची कृपा, असं मनाशी म्हणत त्याने पट्टी हिरवी केली होती.

तिच्या बरोबर खाली, त्याच तारखांपासून, तौफिकची पट्टी लाल होत गेली होती.

“बाई...”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

“काढ.”

“काय काढू?”

“एक काम दुसऱ्याच्या आधाराने उभं असलं, तर काय काढायचं?”

“...बाण.”

“मग काढ की.”

पहिल्या बाकावरच्या मुलाने पेन्सिल उचलली. त्याने लाल पट्टीपासून हिरव्या पट्टीपर्यंत बाण काढला. अगदी लहान. बोटभरसुद्धा नाही. पण तो काढून होईस्तोवर धरून ठेवलेलं कागदाचं टोक हातातून सुटलं आणि सगळा तक्ता सरसर जमिनीवर गेला.

त्याने तो उचलला नाही.

यादी पुढे ओढली. सगळ्यात वर, स्वतःच्या नावाच्याही वर थोडी जागा होती. तिथे त्याने तौफिकचं नाव लिहिलं. दाटीवाटीने, पण स्पष्ट.

बाईंनी लगेच सही केली.

“बाई, मी इतके दिवस तुमचे आभार मानायला यायचं म्हणत होतो.”

“मानलेस की. शाल घेऊन बसलेय ना मी.” त्यांनी पदराने कपाळावरचा घाम टिपला. “फोन आहे ना जवळ?”

प्रद्योतने फोन लावला. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“हॅलो, सर?” तौफिकचा आवाज घाबरा होता. “सर, त्या शेवटच्या पडद्याचं तेवढं राहिलंय. उद्या सकाळी नक्की देतो. वाटल्यास आज थांबून—”

“तौफिक, त्यासाठी नाही केला फोन.”

“मग?”

प्रद्योतने खाली पडलेल्या तक्त्याकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“मी कोल्हापूरला होतो तेव्हा...” तो कसाबसा म्हणाला. “मुलीच्या वेळी. माझं काम तू केलंस. आणि मी तुलाच सगळ्यांसमोर बोललो. मला माफ कर. आणि... तुझे फार फार उपकार आहेत रे माझ्यावर. आमच्या तिघांवर.”



“कुठलं काम, सर?”

“नोंदींचं. जुन्या रक्तदात्यांच्या.”

“हां... ते होय.” तौफिक अवघडून हसला. “ते मी केलं होतं का? असेल, सर. माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. बाळ बरं आहे ना आता?”

प्रद्योतने फोनवर हात ठेवला. डोळे भरून आले होते. त्याने बाईंकडे बघितलं.

“बाई, हा तर विसरूनच गेलाय.”

बाईंनी शाल खांद्यावर सारखी केली.

“मग त्याचं काम तेव्हाच पूर्ण झालंय.”