घनाचा जगात चालणारा हिशेब

सातउंबर गावात घना नावाचा एक भोळा हिशेबनीस होता. सांगाल ते ऐकायचा. तीच तर पंचाईत होती. 'जरा बस' म्हटलं की 'ऊठ' म्हणेपर्यंत बसून राहायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं. ते अक्षर बघून गावातल्या बायकांच्या कोकम सोसायटीने त्याला नोकरीवर ठेवलं. 'उद्यापासून वहीवर बस' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर गडी खुर्चीवर वही आणि वहीवर आपण. हसू नका. पुढे याहून भारी आहे.

सोसायटीत साठ बायका. कोकमं फोडायची, आमसुलं वाळवायची, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस काढायचा. धंदा आपला यथातथाच. अशात बेल्जियमहून एल्स नावाची बाई आली. कोकम सरबताचे तीन पेले प्यायली आणि म्हणाली, "पाच वर्षं माल घेते. पैसे आगाऊ देते. पण हिशेब जगभर चालतात त्या नियमांनी लिहा. माझ्या गावात बसून मला ते वाचता आले पाहिजेत आणि त्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे."

अध्यक्षा होत्या शेवंताकाकी परब. त्या म्हणाल्या, "घना, ही ऑर्डर गेली तर सोसायटीला कुलूप लागेल. साठ घरांच्या चुली तुझ्या वहीवर आहेत."

घनाने वही उचलून खाली बघितलं. "एकही नाही हो काकी."

काकींनी कपाळाला हात लावला आणि कुडाळहून मणेरीकर साहेबांना बोलावलं. साहेब हिशेब तपासनीस. जगाचे नियम त्यांना पाठ. त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "अरे, हे यंत्र सहा वर्षांपूर्वी घेतलंत आणि अजून नव्याची किंमत? वस्तू जुनी झाली की दरवर्षी दहा टक्के किंमत उतरवायची. याला घसारा म्हणतात. समजलं?"

"समजलं," घना म्हणाला.

आठवड्याने साहेब आले. घनाने यंत्राला घसारा लावला होता. जमिनीलाही लावला होता. बँकेतली पाच वर्षांची ठेव निम्मी करून टाकली होती. शेवटच्या ओळीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'अध्यक्षा, वय बासष्ट. घसारा पूर्ण. शिल्लक किंमत शून्य.'

"मेल्या!" काकी ओरडल्या.

साहेब म्हणाले, "अरे बाबा, माणसाला, जमिनीला आणि ठेवीला घसारा नसतो! काही वस्तूंना बाजारभाव लावतात. त्यांना आज बाजारात काय मिळेल ते विचारायचं आणि लिहायचं. समजलं?"

"समजलं."

पुढच्या बाजारच्या दिवशी घनाने टेम्पो बोलावला. कोकम उकळायची तांब्याची कढई, तराजू, कचेरीतली टेबलं आणि भिंतीवरचा गणपतीचा फोटो, सगळं बाजारात नेलं. भंगारवाल्याने कढई बोटाने वाजवली. म्हणाला, "नऊशे." चाळीस हजारांची कढई वहीत नऊशेला आली. गणपतीकडे बघून तो म्हणाला, "देवाला कसला भाव?" घनाने देवापुढे शून्य मांडलं. त्या दिवशी सगळ्या बायका कचेरीत जमिनीवर बसल्या होत्या आणि उकळायला कढई नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला. "घना, आपण काय सोसायटी मोडीत काढायला बसलोय? धंदा उद्याही चालू राहणार असं धरून हिशेब लिहायचा असतो. जगातला पहिला नियम आहे हा!"

"मग पहिला आधी सांगायचा ना साहेब," घना म्हणाला. त्यात त्याचं काय चुकलं?

आता त्याने सगळंच चालू धरलं. फणसाखाली दोन वर्षं बंद पडलेली, जिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या ती जीपगाडी चालू धरून तिचा डिझेलचा खर्च लिहिला. तात्या पहारेकरी चैत्रात वारले होते. त्यांची हजेरी चालू धरली. आषाढात त्यांना दोन दिवसांची रजाही दिली.

"रजा कशाला?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पाऊस फार होता."

साहेब उठून दाराशी गेले, परत आले. "घना, नीट ऐक. हे शेवटचं. पुराव्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही. पैसे आले तर त्याचा कागद पाहिजे. कागदाला भोकं पाडायची, फाईलला लावायचा, मगच वहीत लिहायचं. आणि आतापर्यंत जे जे चुकलंय ते मागे टिपा देऊन सांगून टाक. पैसे घालणाऱ्यापासून काही लपवायचं नाही."

घना चार दिवस लिहीत होता. एकशे बारा टिपा झाल्या. एल्सबाई आली आणि म्हणाली, मला एकेक टीप वाचून दाखवा. साहेब बिचारे घाम पुसत इंग्रजीत सांगत गेले. टीप सात: कढई नऊशेची नाही, भंगारवाल्याने फसवलं. टीप चाळीस: तात्या वारलेले आहेत, रजा रद्द. टीप एक्काहत्तर: काकींची किंमत शून्य नाही, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. बाहेर साठ बायका देवाचं नाव घेत उभ्या होत्या. टीप एकशे बारा होती: 'हे सर्व हिशेब ज्याने लिहिले त्याला हिशेब कळत नाही.'

साहेबांनी डोळे मिटले. संपलं सगळं.

एल्सबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "गुळगुळीत हिशेब मी खूप बघितले," ती म्हणाली, "त्यांत एकाने तरी आपली चूक लिहिली होती का? तुम्ही काहीच लपवलं नाही. माझा विश्वास बसला." तिने करारावर सही केली आणि आपल्या मुंबईच्या कचेरीचा आगाऊ रकमेचा चेक टेबलावर ठेवला. बायकांनी घनाला पेढे भरवले. काकी तर रडल्या.

त्यानंतर महिना गेला. मजुरी नाही. काकींनी विचारलं, "घना, पैसे आले ना?"

"आले काकी." वहीत आकडा होता.

दुसरा महिना गेला. बायका कुरकुरायला लागल्या. घना म्हणाला, "आले आहेत हो!" तिसराही गेला. मग एल्सबाईचा फोन आला: अहो, चेक बँकेत का भरला नाही?

काकींनी फाईल उघडली. चेक तिथेच होता. व्यवस्थित. दोन भोकं पाडून, दोऱ्यात ओवून.

"अरे गाढवा, बँकेत का नाही नेलास?"

"नेला असता तर फाईलला काय लावलं असतं?" घना म्हणाला. "तारीख उलटून गेलीय त्याची. दहा टक्के उतरवू का?"

एल्सबाई देवमाणूस. तिने दुसरा चेक पाठवला, पण थेट काकींच्या हातात पडेल असा. काकींनी तो पदराखाली धरून स्वतः बँकेत भरला. पैसे जमा झाल्यावर मजुरीची रोकड स्वतः मोजून आणली. पाचशेच्या नोटांची पिशवी कचेरीच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन बायकांना हाक मारली. आता काही घोटाळा व्हायला जागाच नव्हती. साठ जणींची रांग लागली. काकी घोटभर चहा प्यायला थांबल्या, तेवढाच काय तो उशीर.

आतून आवाज येत होता. खट्ट. खट्ट. खट्ट.

काकी धावत आत गेल्या. पिशवी रिकामी. समोर जाडजूड फाईल. घना शेवटच्या नोटेला दुसरं भोक पाडत होता.

"काकी," तो आनंदाने म्हणाला, "आता कोणी म्हणू दे पैसे आले नाहीत म्हणून!"

काय करणार? दोरा सोडवून काकींनी त्याच नोटा वाटल्या. सातउंबरच्या बाजारात आजही दोन भोकांची नोट पुढे केली की दुकानदार ती उलटीसुलटी करून बघत नाही. "कोकमाची आहे," म्हणतो, "खरी असणार." आणि गल्ल्यात टाकतो.