मुराळ्यामागून आलेली नदी

आजीनं सांगितलेली गोष्ट. नीट आठवते की नाही, कोण जाणे. चुकलो तर सांभाळून घ्या.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाशेजारून नदी वाहायची. खालच्या आळीला पाणी मिळू नये म्हणून वरच्या आळीनं नदीत बांध घातला. नदी रुसली आणि टेकडीपलीकडे निघून गेली, बरं का!

मग विहिरी आटल्या. पाटील टेकडीपलीकडे गेले. म्हणाले, "चल, हुकूम आहे माझा." नदी दगडाआड झाली. मग गडी गेले, चर खणला. नदी जागची हलेना.

"आता गाव सोडायचं," लोक म्हणाले. पण गावातल्या राऊ नावाच्या एका तरुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुठं नेणार?

राऊ म्हणाला, "रुसलेली लेक हुकमानं येते होय? मुराळी जावा लागतो."

मुराळी म्हणजे बहिणीला माहेरी आणायला जाणारा भाऊ.

पाटील हसले. "तुला कुठं बहीण आहे रे?"

"नाही, म्हणून तर हौस!"

राऊनं आधी बांध उपसला. शिदोरी घेतली आणि टेकडी ओलांडली.

"ताई, वाट मोकळी केलीय. माहेरी चल."

नदी निघाली. पण माहेरवाशीणच ती! जांभळीपाशी रेंगाळली, देवळाला वळसा घातला, कुंभारवाड्यात डोकावली. म्हणून तिथं तीन वळणं. मग शिवेवर थबकली.

"पायांवर पाणी कोण घालणार?"

"अगं, तूच पाणी!" पाटील म्हणाले. नदी मागं सरली.

गावात पाणी उरलं होतं तांब्याभर, राऊच्या वडिलांसाठी जपलेलं. राऊची बायको धुरपदा घरी धावली.

"मामंजी, लेक शिवेवर आलीय. पण पाणी एवढंच..."

"मग बघतेस काय? जा, ओत! लेक दारात ताटकळलीय."

धुरपदानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्या रिता केला. पाणी वाळूत जिरलं.

मग नदी खुदकन हसली, शीव ओलांडून आली आणि धुरपदाचा तांब्या भरून गेली. त्यातलं पहिलं पाणी मामंजी प्याले. गाव कुणी सोडलं नाही. त्या गावाला मुराळे म्हणतात. दोन्ही आळ्या अजून एकाच घाटावर पाणी भरतात.

"मिटा आता डोळे," आजी म्हणायची.

मोठेपणी मी ती टेकडी चढून गेलो. पलीकडे एक कोरडं पात्र आहे, आणि त्यातले गोटे पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले आहेत.